चौकटींमधली सांद

कॉमिक्स या वस्तूला मराठीत म्हणावे तसे नाव नाही. 'चित्रकथा' हा शब्द आहे, तो कोशात आणि प्रकाशकांच्या जाहिरातींत आढळतो; परंतु माझ्या पिढीतल्या कोणी रद्दीवाल्याकडे जाऊन 'चित्रकथा आहेत का' असे विचारल्याचे मला आठवत नाही. आम्ही 'कॉमिक्स' म्हणत असू, आणि तेही एकवचनी : 'एक कॉमिक्स दे', 'माझे कॉमिक्स कोणी फाडले'. इंग्रजीतला अनेकवचनी 'स' आम्ही शब्दाच्या पोटातच घालून टाकला होता. भाषाशुद्धीवाल्यांना याचे वाईट वाटेल, पण ज्या वस्तूला घरात, शाळेत आणि वाचनालयात कोणीच अधिकृत जागा दिली नाही, तिला नाव तरी शुद्ध कोठून मिळणार? मराठीच्या प्राध्यापकांच्या खोलीत मी गेली कित्येक वर्षे बसते. तिथे कादंबरीच्या भवितव्याविषयी, दिवाळी अंकांच्या ऱ्हासाविषयी तासन् तास बोलणे होते. कॉमिक्सचा विषय निघाला, तर तो मुलांच्या सुट्टीतल्या उद्योगांच्या संदर्भात निघतो आणि चहाबरोबर संपतो.

माझ्याजवळ मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे दोनशे अकरा अंक आहेत. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४मध्ये ही मालिका सुरू केली. मासिक म्हणून सुरू झालेली ती पुढे पाक्षिक आणि मग साप्ताहिक झाली, अनेक भारतीय भाषांतून निघाली, आणि १९९०मध्ये बंद पडली. सुरुवातीला अंकाची किंमत साठ पैसे होती. सोलापूरच्या ज्या वस्तीत मी वाढले, तिथे नवा अंक विकत घेणारी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीच्यांसाठी भाड्याने पुस्तके देणारी टपरी होती, आणि त्याहून खाली रद्दीचे दुकान. माझे बहुतेक अंक या तिसऱ्या पायरीवरचे आहेत. म्हणजे ते आधी कुणीतरी विकत घेतले, मग दहाजणांनी वाचले, मग टपरीवाल्याने सहा-सहा अंकांचा गठ्ठा करून जाड दाभणाने शिवला आणि शेवटी वजनावर विकला. त्यामुळे प्रत्येकाच्या डाव्या कडेला दाभणाची भोके आहेत, आणि शिलाईत गेलेल्या चित्रांतल्या माणसांचे अर्धे चेहरे कायमचे गेलेले आहेत.

हल्ली या अंकांचे खरे संग्राहक असतात. पिनेला गंज चढलेला नाही, मुखपृष्ठाची कड दुमडलेली नाही, मागचे पान शाबूत आहे, अशा प्रतीला ते मोठी किंमत देतात आणि ती पारदर्शक पिशवीत बंद करून ठेवतात. त्यांच्याविषयी मला आदर आहे. त्यांच्यामुळेच पुष्कळ अंक वाचले आहेत. पण मला स्वतःला वापरलेली प्रतच आवडते. माझ्या एका अंकाच्या मागे कुणीतरी किराण्याचा हिशेब मांडला आहे. दुसऱ्यात प्रत्येक बाईला शाईने मिशा काढलेल्या आहेत, फक्त डायनाला सोडून. तिसऱ्यात एका मुलाने आपले नाव, इयत्ता, तुकडी आणि खाली 'चोरणाऱ्यास पाप लागेल' असे लिहून ठेवले आहे. ते पाप आता माझ्याकडे आहे. वाचन-संस्कृती हा शब्द परिसंवादांत फार ऐकू येतो. तिचा लेखी पुरावा पाहायचा असेल तर तो मला या कडांवर जास्त दिसतो.

आता वेताळाविषयी. ली फॉकने १९३४मध्ये मँड्रेक आणि १९३६मध्ये फँटम ही पात्रे अमेरिकन वर्तमानपत्रांसाठी निर्माण केली. मराठी इंद्रजालने फँटमला 'वेताळ' म्हटले. हा निर्णय कोणाचा, हे शोधायला हवे. कारण अनुवादाच्या इतिहासात त्याची नोंद व्हावी इतका तो धाडसी आहे. 'फँटम' म्हणजे आभास, छाया, भूत. एखाद्या सावध अनुवादकाने 'छायापुरुष' वगैरे केले असते आणि ते पात्र जन्मतःच मेले असते. वेताळ मात्र इथलाच. विक्रमाच्या खांद्यावर बसून कोडी घालणारा वेताळ आम्हाला 'चांदोबा'तून भेटलेला होता; अमावास्येला ज्याची स्वारी निघते तो भुतांचा राजा आजीच्या बोलण्यात होता. कोकणात तर तो ग्रामदैवत आहे. जयवंत दळवींच्या आरवलीला वेतोबाचे देऊळ आहे, आणि त्याला भक्त प्रचंड आकाराच्या चामडी चपला वाहतात. रात्री तो गावाच्या शिवेवरून राखणीसाठी फिरतो, म्हणून त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. फॉकच्या नायकाचे इंग्रजी बिरुद काय, तर चालणारे भूत! न्यूयॉर्कच्या लेखकाने कल्पिलेला, पिढ्यान् पिढ्या मरत नाही असे वाटणारा, जंगलाची राखण करीत हिंडणारा पुरुष आणि आरवलीचा चपला झिजवणारा देव एका नावाखाली यावेत, हा केवळ योगायोग असेल. पण मला तो अनुवादाचा आदर्श वाटतो. तिथे शब्दाचा अर्थ आणला नाही, शब्दाची जागा शोधली.

अनुवादकाची दुसरी अडचण जागेचीच होती, मात्र मोजपट्टीने मोजता येणारी. इंग्रजी कॉमिक्समधला मजकूर परंपरेने मोठ्या लिपीतल्या अक्षरांचा असतो. त्या अक्षरांना वर-खाली शेपट्या नसतात, म्हणून ओळी एकीखाली एक दाटीने बसतात. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार. खाली उकार आणि जोडाक्षरांची उतरंड. तेवढ्याच फुग्यात तीन ओळींच्या जागी दोनच मावतात. मग वाक्य कापावे लागते. आमच्या वेताळाचे तुटक, हुकमी बोलणे आम्हाला त्याच्या स्वभावाचा भाग वाटत असे. त्यातला काही वाटा शिरोरेषेचा असला पाहिजे. नंतर मी स्वतः फुग्यात अक्षरे भरू लागले तेव्हा हे हाताला कळले. 'मी तुला कधीच विसरणार नाही' हे वाक्य मनात लहान असते, फुग्यात मोठे.

आवाजांच्या बाबतीत मात्र मराठी श्रीमंत. धाड, फाट, खळ्ळ, धप्प, सण्ण. आणि केवळ आवाज नव्हे, आवाजाची गती सांगणारे 'कन' आणि 'दिशी' : खाडकन, खाडदिशी. पण गंमत अशी की हे क्रियाविशेषण क्रियापदाची वाट पाहत राहते. 'खाडकन' म्हटले की 'मारली' हवे. चित्रात मारणे दिसतच असल्याने ते क्रियापद चित्राने पुरवायचे असते. अर्धे वाक्य अक्षरात आणि अर्धे रेषेत, असा व्याकरणाचा प्रकार मला दुसऱ्या कुठल्या साहित्यप्रकारात भेटलेला नाही. (भाषाविज्ञानाच्या एखाद्या विद्यार्थ्याने यावर प्रबंधिका लिहावी. मार्गदर्शक मिळण्याची हमी मी देत नाही.)

या प्रेमाला काटे आहेत, आणि ते आता सोलून पाहिल्यावाचून राहवत नाही. गोरा पुरुष, कवटीची गुहा, त्याच्याशी निष्ठा राखणाऱ्या वनवासी जमाती : ही साम्राज्याची जुनीच कथा आहे. भारतीय वाचकांसाठी फँटमच्या देशाच्या नावातला बंगालचा भास पुसून 'डेंकाली' केले गेले, त्याच्या शत्रूंच्या 'सिंग' टोळीचे 'सिंगा' झाले. म्हणजे संपादकांना काहीतरी टोचले होते, पण त्यांनी नाव बदलून काम भागवले. मँड्रेकचा सोबती लोथार सुरुवातीला चित्त्याचे कातडे पांघरून मोडके इंग्रजी बोलत असे; १९६५मध्ये फ्रेड फ्रेडरिक्स चित्रकार म्हणून आल्यावर त्याचे कपडे आणि भाषा सुधारली. आबिद सुरतींचा बहादूर १९७६मध्ये भगवा कुडता आणि जीन्स घालून आला, तेव्हा इंद्रजालच्या पानांवर पहिल्यांदा ओळखीचा धुरळा उडाला. तरी खरे सांगायचे तर वर्गात आम्ही खेळताना बहादूर होण्यासाठी भांडणे होत नसत. वेताळ होण्यासाठी होत.

'अमर चित्र कथा'विषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी थोडक्यात आटोपते. अनंत पै यांनी १९६७मध्ये सुरू केलेल्या त्या मालिकेने कोणता इतिहास सांगितला आणि कोणता वगळला, ही चर्चा रास्तच आहे. परंतु त्या चर्चेत राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम ही नावे क्वचित येतात. मुळीकांची घोड्यावरची माणसे पाहा. घोड्याचे वजन जमिनीवर पडलेले दिसते. पुढे त्याच मुळीकांनी हिंदीतल्या नागराजला आकार दिला. महाराष्ट्रात चित्रकथेचा वाचक घडवणाऱ्या या हातांना आपल्या कलासमीक्षेत जागा नाही, आणि साहित्यसमीक्षेत तर नाहीच. दोन्ही खात्यांना ते एकमेकांच्या टेबलावरचे काम वाटते.

वर्गात मी एक प्रयोग करते. कॉमिक्सचे एक पान घेऊन मधली एक चौकट पांढऱ्या कागदाने झाकते आणि विचारते, इथे काय झाले? सगळे सांगतात, आणि बहुधा बरोबर सांगतात. मग दुसरी झाकते, मग तिसरी. किती झाकल्यावर कथा तुटते, हे पाहणे हा कथनमीमांसेचा उत्तम धडा आहे. घटना आणि तिचे कथन यांतला फरक त्यानंतर फळ्यावर लिहावा लागत नाही. स्कॉट मक्लाउड या चित्रकाराने १९९३च्या आपल्या ग्रंथात, जो स्वतःच कॉमिक्सच्या रूपात आहे, दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीला सगळे महत्त्व दिले आहे. एका चौकटीत उगारलेली कुऱ्हाड, पुढच्या चौकटीत रात्रीच्या शहरावर किंकाळी. घाव मधल्या जागेत वाचक घालतो. इंग्रजीत त्या पट्टीला 'गटर' म्हणतात. मराठीत हा शब्द वापरला की वर्ग हसतो, म्हणून मी 'सांद' म्हणते. दगडांच्या भिंतीत असते ती सांद.

लहानपणी भावाबरोबर मी दुरेघी वहीत कॉमिक्स काढत असे. तो चित्रे काढी आणि मी फुगे भरी, कारण माझे अक्षर चांगले होते. आमचा नायक ट्रकड्रायव्हर होता. त्या वह्या कधी रद्दीत गेल्या ते कळले नाही. रद्दीतून आलेली विद्या रद्दीत गेली, यात अन्याय काही नाही. पुढची तीस वर्षे मी काहीच काढले नाही.

पुन्हा टाक हातात घेतला तो आईमुळे. आईचे माहेर भीमेच्या काठी, पळसदेवपासून फार लांब नव्हे. उजनीचे धरण १९८०मध्ये पुरे झाले आणि गाव पाण्याखाली गेले. पळसदेवचे जुने देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते, लोक होडीतून पाहायला जातात, त्याची छायाचित्रे छापून येतात. आईच्या गावाचे काही वर येत नाही. देऊळ दगडी होते, घरे पांढऱ्या मातीची. चार वर्षांपूर्वी आईला विसर पडू लागला. आधी भांडी, मग दिवस, मग माणसे. डॉक्टरांनी जे नाव सांगायचे ते सांगितले. पण तिच्या बोलण्यात ते घर आणि ते गाव शाबूत होते, किंबहुना रोज जास्त उजळत होते. मी ते टिपून घेऊ लागले, आणि लक्षात आले की शब्दांत टिपलेले तिला दाखवता येत नाही. वाचून दाखवले तर ती 'हो हो' म्हणते आणि खिडकीबाहेर पाहते. एकदा मी वहीच्या मागे सोप्याचा आराखडा काढला. ती ताडकन म्हणाली, "आगं, रांजण हिकडं न्हवता. उंबऱ्याच्या आत, डाव्या अंगाला. भाईर ठिवला असता तर कुत्र्यानं तोंड घातलं असतं."

तेव्हापासून कॅमलची काळी शाई, टाक आणि जाड कागद. चोवीस पानांचे एक पुस्तक करायचे ठरवले आहे. धरणावर याआधी मोठे काम झालेले आहे : ओरिजित सेन यांचे 'रिव्हर ऑफ स्टोरीज' १९९४मध्ये आले, नर्मदेच्या आंदोलनातून. त्यात 'रेवा सागर' नावाच्या धरणाची आजची हकिगत आणि मालगू गायन गातो ती सृष्टीची उत्पत्तिकथा एकमेकांत विणलेली आहे. ते पुस्तक मी अनेकदा उघडले आणि मिटले. तिथे लढा आहे, मोर्चे आहेत, आवाज आहे. आईच्या गावात मोबदला मिळाला, काही घरांना कमी मिळाला, आणि लोक उठले. मामांनी घराची दारे, तुळया, फडताळाच्या फळ्या काढून बैलगाडीतून नव्या गावठाणात नेल्या. नवे गावठाण सरळ रस्त्यांचे, सारख्या मापाच्या प्लॉटांचे. वरून पाहिले तर कॉमिक्सचे कोरे पानच.

म्हणूनच कदाचित सरळ चौकटींत हे गाव बसेना. 'भीमायन' (२०११) मधून थोडी सुटका मिळाली. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांच्या आयुष्यातले अस्पृश्यतेचे प्रसंग चितारताना चौकोन नाकारले. पान विभागले ते 'दिग्ना' या आपल्या अंगणातल्या भित्तिचित्रांच्या वळणदार पट्ट्यांनी. बोलण्याचे फुगेही दोन जातींचे केले : सौम्य बोलणारांचे पक्ष्यासारखे, आणि ज्यांचे शब्द डसतात त्यांचे विंचवाच्या नांगीचे. १९७९च्या 'अमर चित्र कथे'तही आंबेडकरचरित्र होतेच. पण तिथे चरित्र नवे आणि पान जुने होते. 'भीमायन'मध्ये पानच बदलले. अर्थात व्यामांचे दिग्ना मी उचलणे म्हणजे दुसऱ्याच्या अंगणातली रांगोळी पुसून आणणे. माझ्याजवळ ती परंपरा नाही. माझ्याजवळ दाभणाची भोके पडलेले दोनशे अकरा अंक आहेत.

उत्तर आईने दिले, अर्थात न कळत. पाने सुटी होती, वाळायला पलंगावर पसरलेली. ती एकेक उचलून बघू लागली आणि आपल्या क्रमाने लावू लागली. मी काढलेला क्रम असा : घर, नदी, लग्न, नोटीस, उठणे. तिने लावला असा : नदी, जाते, नदी, आजीचा पाय मोडला तो दिवस, घर. दुसऱ्या दिवशी निराळा. प्रत्येक क्रमाची गोष्ट तिला सांगता येते, आणि ती सलग असते. त्या दिवसांत मला पिंगुळीच्या चित्रकथींची आठवण झाली. कुडाळजवळच्या या गावातले ठाकर कलावंत रामायण-महाभारतातल्या आख्यानांची चित्रे सुट्या कागदांवर ठेवतात, दोन चित्रे पाठीला पाठ चिकटवून. अशा पानांची पोथी असते, आणि एकेक पान पुढे धरून कथा गायली जाते. परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा वर्तमानपत्रांनी या कलेची आठवण काढली होती. चित्रावर अक्षर नाही, फुगा नाही. बोलणारा माणूस समोर बसलेला असतो. दोन चित्रांमधली सांद त्याच्या गळ्याने भरते.

म्हणून पुस्तक शिवायचे नाही, असे मी ठरवले आहे. चोवीस सुटी पाने आणि एक पुठ्ठ्याची पेटी. फुगे काढून टाकले; आईचे बोल पानाच्या मागे लिहिते आहे, तिच्याच बोलीत. एका प्रकाशकस्नेह्याने विचारले की मग वाचकाने कुठून सुरू करायचे? मी म्हटले, रांजणापासून. त्याला ते पटले नाही. छापखान्याच्या हिशेबातही सुटी पाने महाग पडतात, तेव्हा हे बहुधा दहा-बारा प्रतींपलीकडे जाणार नाही. एक मामांना द्यायची, एक नव्या गावठाणातल्या शाळेला.

काळाशीही शर्यत आहे, ती बोलून दाखवत नाही इतकेच. पंधरा पानांपर्यंत आई रोज सुधारणा सांगत होती. नंतर आठवड्याला एक. अलीकडे पाने हातात घेते, कडेवरून बोट फिरवते, आणि कधी कधी मलाच विचारते, "हे कुणाचं घर गं?" मी सांगते. ती म्हणते, "चांगलं हाय. राखलंय." पाणी आले ते तिने पाहिलेले नाही, कारण तेव्हा ती आमच्यापाशी सोलापुरात होती, मामांनीही पाहिले नाही, ते गाडी घेऊन पुढे निघाले होते. ते पान मी काढलेले नाही.

सध्या टेबलावर एकोणिसावे पान आहे : मामा दार उचकटून गाडीत घालत आहेत. मामा म्हणतात, दाराला तिघे लागले, सागवानी दार होते. आई म्हणत असे, दोघेच, तिसरा उगाच उभा होता. दोघांची शाई भरून झाली आहे. तिसऱ्याची अजून पेन्सिलीची रेघ आहे.